स्वतःच्या फ्री किकवर स्वतःवरच गोल, आणि बॅकपास उचलला म्हणून पेनल्टी?

नंदुरबार जिल्ह्यातल्या एका क्रीडा शिक्षिकेने विचारलं आहे: "मुलींच्या शालेय फुटबॉल सामन्यात कीपरने बॅकपास (आपल्याच खेळाडूने पायाने मागे दिलेला चेंडू) हाताने उचलला म्हणून रेफरींनी आमच्यावर पेनल्टी दिली, गोल झाला. दुसऱ्या हाफमध्ये समोरची मुलगी ऑफसाइड होती म्हणून आमच्याच डीजवळ (गोलसमोरच्या मोठ्या चौकटीजवळ) आम्हाला फ्री किक मिळाली. आमच्या बॅकने चेंडू मागे कीपरकडे दिला. मैदान खडबडीत, चेंडू उसळला आणि आमच्याच गोलमध्ये गेला. रेफरींनी तोही गोल दिला. दोन-शून्यने हरलो. दोन्ही निर्णय बरोबर होते का? आता तक्रार करता येईल का?"

मॅडम, नमस्कार. तुम्ही ज्या क्रमाने विचारलंत त्याच क्रमाने सांगतो. पेनल्टीचा निर्णय चुकीचा होता. दुसरा गोल बहुधा चुकीचा होता, पण तो एका गोष्टीवर अवलंबून आहे: चेंडू गोलमध्ये जाण्याआधी तुमच्या कीपरच्या अंगाला कुठे चाटून गेला होता का? ते मैदानावर उभं राहिलेल्यालाच माहीत. तक्रारीचं शेवटी सांगतो, कारण तिथे नियमाचं पुस्तक एक बोलतं आणि स्पर्धेची नियमावली दुसरं बोलू शकते.

मी जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत वीसेक वर्षं शिट्टी वाजवतो आहे. त्याआधी भुसावळला कीपर म्हणून खेळलो. त्यामुळे फक्कीच्या रेषेवर उभं राहून, रेफरी आता काय देणार याची वाट पाहणं काय असतं ते मला माहीत आहे. तुमच्या कीपरला त्या दोन गोलांचं ओझं वाटत असेल तर हे उत्तर तिला वाचून दाखवा. पहिल्या गोलात तिची चूक असलीच, तरी त्या चुकीची शिक्षा नियमात खूप लहान आहे. ती तिला मोठी करून भोगावी लागली.

आपल्याकडे गोंधळ कुठे होतो ते आधी बघू. शिट्टी वाजली की रेफरीला दोन प्रश्नांची वेगवेगळी उत्तरं द्यावी लागतात. घडलं काय? आणि आता खेळ सुरू कसा करायचा? आपल्या मैदानांवर हे दोन्ही प्रश्न एकाच शब्दात विरघळतात: फाऊल. मग हिशोब सोपा होतो, फाऊल डीबाहेर असेल तर फ्री किक, डीत असेल तर पेनल्टी. हा हिशोब अर्धाच खरा आहे. फुटबॉलच्या 17 नियमांपैकी बाराव्या नियमात चुकांचे दोन गट आहेत. लाथ मारणं, पाडणं, ढकलणं, धरून ठेवणं, हाताने चेंडू अडवणं या चुकांना डायरेक्ट फ्री किक, म्हणजे जिच्यावर थेट गोल मारता येतो. त्या स्वतःच्या डीत झाल्या तरच पेनल्टी. दुसऱ्या गटाला इनडायरेक्ट फ्री किक, म्हणजे चेंडू दुसऱ्या कोणाला लागल्याशिवाय गोल होत नाही, आणि त्यातली कोणतीही चूक डीच्या अगदी मधोमध घडली तरी ती इनडायरेक्टच राहते. तिची पेनल्टी कधीच होत नाही.

कीपरने नको तेव्हा हात लावणं हे या दुसऱ्या गटात येतं. इथे लोक अडखळतात, कारण "हँड" हा शब्द ऐकला की डोक्यात पेनल्टी येते. पण बॅकने डीत हाताने चेंडू अडवला तर तिने जे कोणालाच करता येत नाही ते केलं. कीपरचं तसं नाही. डीत हात वापरण्याची सवलत तिला आहेच. बॅकपास उचलला तेव्हा तिने ती सवलत मिळत नाही अशा वेळी वापरली. समोरच्या मुलीला पाडलं नाही, कोणाला धरलं नाही. म्हणून शिक्षा हलकी: इनडायरेक्ट फ्री किक, आणि त्यासाठी कार्डसुद्धा नाही. बॅकपास गोलकडे चालला होता आणि कीपरने हाताने अडवून नक्की होणारा गोल वाचवला, तरीही कार्ड नाही. हे ऐकून बरेच प्रशिक्षक माझ्याशी वाद घालतात, पण नियम तसाच आहे.

अपवाद एक आहे आणि तो कीपर शिकवणाऱ्याने लक्षात ठेवावा. कीपरने स्वतः गोल किक किंवा फ्री किक घेतली, चेंडू दुसऱ्या कोणाला लागला नाही आणि तिने पुन्हा त्याला स्पर्श केला, तर इनडायरेक्ट फ्री किक तर आहेच. पण त्या स्पर्शाने समोरच्यांचा गोल किंवा गोलची सरळ संधी अडली असेल तर रेड कार्ड, चांगला हल्ला थांबला असेल तर यलो. वाऱ्यामुळे गोल किक परत येते तेव्हा हे घडतं. आपल्याकडे उन्हाळ्याच्या तोंडी दुपारचा वारा सुटला की मी प्रत्यक्ष पाहिलं आहे.

बॅकपासचा नियम कशासाठी आला ते मुलींना सांगा, मग तो पाठ करावा लागत नाही. 1990 च्या इटलीतल्या विश्वचषकात 52 सामन्यांत फक्त 115 गोल झाले, म्हणजे सामन्यामागे सरासरी 2.21. आघाडी मिळाली की बॅकने चेंडू कीपरला द्यायचा, त्याने उचलायचा, टाकायचा, पुन्हा घ्यायचा. 1992 च्या युरो स्पर्धेत डेन्मार्कने अंतिम सामन्यात जर्मनीला 2-0 हरवलं, तेव्हाही चेंडू त्यांचा कीपर पीटर श्मायकेलच्या हातात जाऊन वेळ कसा सरकत होता ते पाहणाऱ्यांना आठवत असेल. त्याच वर्षी नियम बदलला आणि बार्सिलोना ऑलिंपिकपासून बॅकपास हाताने उचलणं बंद झालं. थ्रो-इन थेट कीपरच्या हातात देण्याची पळवाट 1997 मध्ये बुजवली. म्हणजे हा नियम वेळकाढूपणा थांबवण्यासाठी आहे, आणि वेळ वाया घालवल्याची शिक्षा पेनल्टीएवढी कशी असेल?

आता बॅकपास नेमका कशाला म्हणायचं? तीन गोष्टी हव्यात: चेंडू मुद्दाम मारलेला, पायाने म्हणजे पावलाने मारलेला, आणि कीपरकडे मारलेला. गुडघ्याने, छातीने, डोक्याने दिला तर कीपरने खुशाल उचलावा. बॅक चेंडू बाहेर काढायला गेली, पाय निसटला आणि चेंडू मागे घरंगळला, तर तो बॅकपास नाही. समोरच्या मुलीशी झटापटीत चेंडू बॅकच्या पायाला लागून मागे गेला, तरी नाही. रेफरीला हे क्षणात ठरवावं लागतं. मी स्वतः दोन गोष्टी बघतो: मारण्याआधी मुलीची मान कुठे वळली, आणि पाय कसा फिरला. मागे बघून पावलाच्या आतल्या बाजूने हळूच ढकललेला चेंडू आणि घाईत पुढे झाडलेला पण उलटा गेलेला चेंडू, यांत फरक कळतो. शंका राहिली तर मी खेळ चालू ठेवतो. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या काळ्या मातीत बुटाला किलोभर चिखल चिकटलेला असताना अर्धे पास नको तिकडे जातात. तिथे प्रत्येक मागे गेलेल्या चेंडूवर शिट्टी वाजवणारा रेफरी मुलांवर अन्याय करतो.

याच चिखलामुळे 2019 पासूनची एक सूट आपल्या फार कामाची आहे. बॅकपास आला, कीपरने तो लांब मारण्याचा स्पष्ट प्रयत्न केला, पण मिसकिक झाली किंवा चेंडू नुसता जागेवर फिरला, तर त्यानंतर तिने तो हाताने उचलला तरी चालतं. प्रयत्न खरा दिसला पाहिजे, पायाचा नुसता अभिनय नको. मला वाटतं आपल्याकडच्या बऱ्याच कीपरना ही सूट माहीतच नाही. चेंडू पायाखालून निसटला की त्या गांगरून उभ्या राहतात, आणि समोरची फॉरवर्ड येऊन टोचून जाते. तुमच्या कीपरनेही आधी मारायचा प्रयत्न केला होता का, ते तिला विचारा. केला असेल तर इनडायरेक्ट फ्री किकसुद्धा द्यायला नको होती.

उलट बाजूने, नियम चुकवायला म्हणून मुलीने चेंडू पायाने वर उडवून डोक्याने कीपरकडे दिला, तर ती युक्ती आहे. तिथे कीपरने हात लावो न लावो, इनडायरेक्ट फ्री किक आणि युक्ती करणारीला यलो कार्ड. उंचावरून आलेला चेंडू सहज डोक्याने मागे देणं मात्र पूर्ण वैध आहे. दोन्हींत गल्लत करू नका.

मग त्या दिवशी रेफरींनी काय करायला हवं होतं? शिट्टी, एक हात सरळ वर, आणि कीपरने चेंडूला हात लावला त्या जागेवरून समोरच्या संघाला इनडायरेक्ट फ्री किक. हात लावण्याची जागा गोल एरियात, म्हणजे गोलपासून साडेपाच मीटरच्या लहान चौकटीत असेल, तर चेंडू त्या चौकटीच्या पुढच्या रेषेवर, सर्वांत जवळच्या जागी आणून ठेवायचा. तिथून गोललाइन साडेपाच मीटरवर आणि नियमाने विरोधी खेळाडूंनी 9.15 मीटर लांब राहायचं. मागे जागाच नाही. म्हणून नियम सांगतो की दोन खांबांच्या मधे, स्वतःच्या गोललाइनवर उभं राहता येतं. अख्खा संघ तिथे उभा राहिला तरी चालतो.

शिरपूरच्या बाजूला असा एक प्रसंग मी हाताळला आहे. अकराही मुलं 7.32 मीटरच्या गोलमध्ये खांद्याला खांदा लावून उभी, समोर चेंडू, आणि बाहेर सगळं गाव. अशा वेळी रेफरीने घाई करू नये. मी आधी सगळ्यांची टाचा-बोटं रेषेवर आहेत का ते पाहिलं, हल्ला करणाऱ्यांना भिंतीपासून एक मीटर लांब केलं (तीन किंवा जास्त खेळाडूंची भिंत असेल तर हे बंधन आहे), मोठ्याने सांगितलं की "चेंडू स्पष्ट हलल्याशिवाय कोणी पुढे यायचं नाही", आणि मगच शिट्टी दिली. पहिल्या मुलाने चेंडूला नुसता बुटाचा तळवा टेकवला, चेंडू हललाच नाही, आणि दुसऱ्याने तो गोलमध्ये मारला. मैदानाबाहेर "गोल व्हयना, गोल व्हयना" असा कल्लोळ. पण चेंडू खेळात येतो तो मारल्यावर आणि स्पष्ट हलल्यावर. पहिल्या टेकण्याने काही घडलंच नव्हतं. म्हणजे खरी किक दुसऱ्याची होती आणि ती थेट गोलमध्ये गेली होती. इनडायरेक्टवर थेट गेलेला चेंडू गोल नसतो. मी गोल किक दिली. लोक पंधरा मिनिटं ओरडत होते, पण दोन्ही संघांच्या शिक्षकांना मी आधीच हे सांगून ठेवलेलं असल्याने ते दोघेही शांत राहिले.

तो वर केलेला हात शोभेचा नसतो. चेंडू दुसऱ्या कोणाला लागेपर्यंत, बाहेर जाईपर्यंत किंवा थेट गोल होणं शक्य नाही हे स्पष्ट होईपर्यंत तो वरच ठेवायचा. सुरुवातीच्या वर्षांत मी एकदा तो वर करायलाच विसरलो. एका मुलाने इनडायरेक्ट फ्री किक थेट गोलमध्ये मारली. त्याच्या दृष्टीने ती डायरेक्ट होती, कारण मी खूण केलेली नव्हती. अशा वेळी किक पुन्हा घ्यायची असते, कारण चूक रेफरीची आहे आणि तिची किंमत मुलाने मोजायची नाही. मी तेव्हा गोल किक देऊन टाकली. तो मुलगा सामना संपल्यावर काही न बोलता माझ्याकडे बघत उभा होता, ते मी अजून विसरलेलो नाही. त्या दिवसानंतर प्रत्येक इनडायरेक्टच्या आधी मी हात वर करून तोंडानेही सांगतो.

आता तुमचा दुसरा गोल. इथे मला एक तत्त्व सांगायचं आहे, कारण ते कळलं की अर्धे प्रश्न आपोआप सुटतात. फ्री किक ही भरपाई आहे. समोरच्याने चूक केली म्हणून ती तुम्हाला मिळाली. तुम्हाला मिळालेल्या भरपाईतूनच थेट तुमचं नुकसान व्हावं, हे नियमाला मान्य नाही. म्हणून तेरावा नियम म्हणतो की डायरेक्ट असो वा इनडायरेक्ट, फ्री किक थेट स्वतःच्याच गोलमध्ये गेली तर गोल नाही, समोरच्यांना कॉर्नर. कॉर्नर का? कारण चेंडू शेवटचा तुमच्या खेळाडूला लागून तुमच्या गोललाइनपलीकडे गेला. बाहेरून गेला असता तरी कॉर्नरच झाला असता.

तुमची फ्री किक ऑफसाइडची होती, म्हणजे इनडायरेक्ट. चेंडू कोणालाही न लागता आत गेला असेल तर निर्णय कॉर्नरचाच हवा होता. किक डीच्या आत होती की बाहेर, याने आज फरक पडत नाही. पूर्वी पडायचा: 2019 पर्यंत स्वतःच्या डीतून घेतलेला चेंडू डीबाहेर गेल्याशिवाय खेळातच येत नसे, त्यामुळे असा चेंडू आत गेला तर किक पुन्हा घ्यायची. आता डीतही चेंडू मारला आणि स्पष्ट हलला की खेळ सुरू. आपल्याकडच्या काही ज्येष्ठ रेफरींच्या डोक्यात जुना नियम पक्का बसलेला आहे. त्यांनी तो मनापासून शिकला होता, म्हणून तो जात नाही. पण तुमच्या सामन्यात जुन्या नियमानेही तो गोल झाला नसता.

आता ती अवलंबून असलेली गोष्ट. चेंडू उसळून गोलमध्ये गेला असं तुम्ही लिहिलंत. तो कीपरच्या बुटाला, नडगीला, हाताला, केसालासुद्धा लागून आत गेला असेल, तर "थेट" हा शब्दच संपला. मग तो गोल आहे आणि रेफरी बरोबर आहेत. किक घेणारीचा नाही, दुसऱ्या खेळाडूचा स्पर्श झाला की भरपाईचा हिशोब पूर्ण होतो. पुढे जे होईल ते चालू खेळातलं. वाटेत समोरच्या मुलीचा स्पर्श झाला असता तरी तेच. आणि कीपरने तो हाताने अडवायचा प्रयत्न केला, बोटांना लागून आत गेला, तर? तिने हात लावणं ही बॅकपासचीच चूक, कारण फ्री किकवर पायाने मुद्दाम दिलेला चेंडूही त्यात येतो. पण रेफरीने तिथे समोरच्या संघाला ॲडव्हान्टेज देऊन, म्हणजे चुकीसाठी खेळ न थांबवता, गोलच द्यायचा. चूक करणाऱ्याला चुकीचा फायदा मिळू नये म्हणून.

म्हणून मी माझ्याकडच्या कीपरना एक गोष्ट शिकवतो, आणि ती पहिल्यांदा ऐकताना सगळ्यांना उलटी वाटते. आपल्या फ्री किकवरून आलेला चेंडू अंगावरून निसटून गोलमध्ये चालला असेल आणि पायाने नक्की अडवता येणार नसेल, तर अंग बाजूला घे. जाऊ दे आत. कॉर्नर मिळेल, गोल नाही. घाबरून पाय घातला आणि चाटून गेला तर गोल. त्या अर्ध्या सेकंदात हे आठवायला सराव लागतो, म्हणून सरावात मुद्दाम असे दहा-पंधरा चेंडू टाकावेत.

हाच हिशोब बाकी ठिकाणी भराभर लावता येतो. थ्रो-इन थेट स्वतःच्या गोलमध्ये गेला तर कॉर्नर, समोरच्या गोलमध्ये गेला तर गोल किक. थ्रो-इनवरून थेट गोल कोणत्याच बाजूला होत नाही. गोल किक आणि किक-ऑफ यांवरून समोरच्या गोलमध्ये थेट गोल होतो, स्वतःच्या गोलमध्ये नाही, तिथे कॉर्नर. कीपरने हाताने फेकलेला चेंडू थेट समोरच्या गोलमध्ये गेला तरी गोल किक. आपल्या लहान केलेल्या शालेय मैदानांवर हे अशक्य नाही.

ड्रॉप बॉलबद्दल, म्हणजे कोणाची चूक नसताना खेळ थांबला की रेफरी चेंडू टाकून तो पुन्हा सुरू करतो त्याबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, पण गावाकडच्या मैदानावर तो सारखा लागतो. कुत्रं, बकरी, शेजारच्या सामन्याचा चेंडू. खेळ थांबला तेव्हा चेंडू डीत असेल तर ड्रॉप बॉल त्या डीच्या कीपरलाच मिळतो, तो उचलला तरी चालतो, आणि बाकी सगळे, दोन्ही संघांचे, चार मीटर लांब. दोन खेळाडू समोरासमोर उभे करून मधे चेंडू टाकणं 2019 मध्येच संपलं. तरी आजही ते दिसतं, आणि मुली एकमेकींच्या नडग्या फोडून घेतात.

डी या शब्दाचाही एक धोका आहे. आपण पेनल्टी एरियाला डी म्हणतो. ती 16.5 मीटरची चौकट, तिच्या रेषांसकट. पुढे जी अर्धगोल रेषा असते ती पेनल्टीच्या वेळी खेळाडूंनी 9.15 मीटर लांब राहावं एवढ्यासाठी, ती चौकटीचा भाग नाही. त्या अर्धगोलात चेंडू हाताने उचलणारी कीपर मी दर हंगामात बघतो. तिथे तिची सवलत संपलेली असते. डायरेक्ट फ्री किक, आणि गोलची सरळ संधी अडली असेल तर रेड कार्डही. चेंडू कुठे आहे ते बघायचं, पाय कुठे आहेत ते नाही. फक्की पुसट झाली असेल तर सामन्याआधी आयोजकांकडून रेषा पुन्हा मारून घ्या, त्यासाठी दहा मिनिटं उशीर झाला तरी चालेल.

आणखी एक ताजा बदल. कीपरने चेंडू हातात किती वेळ ठेवायचा? 2000 पासून सहा सेकंद, आणि जास्त झाले तर इनडायरेक्ट फ्री किक. ती इतकी कठोर शिक्षा होती की रेफरी ती देतच नसत. मीही वीस वर्षांत बोटांवर मोजण्याइतक्या वेळा दिली. 1 जुलै 2025 पासून वेळ आठ सेकंद केली आहे आणि शिक्षा कॉर्नर. शेवटची पाच सेकंदं रेफरी हात वर करून बोटांनी मोजून दाखवतो. कॉर्नर कीपर उभी असेल त्याच्या जवळच्या बाजूने. मला हा बदल मनापासून पटला आहे. शिक्षा झेपेल एवढी असली की ती दिली जाते. मात्र तुमच्या तालुक्यात कोणत्या वर्षाच्या नियमाने खेळवताहेत ते सामन्याआधी विचारूनच घ्या. शालेय गटात मैदानाचा आकार, चेंडू, वेळ, बदली खेळाडू यांत आयोजकांना मोकळीक असते, पण मी वर सांगितलेल्या मूळ गोष्टी त्यांनी बदलायच्या नसतात.

आता तक्रार. पाचव्या नियमानुसार खेळ पुन्हा सुरू झाला की रेफरीला आधीचा निर्णय बदलता येत नाही, स्वतःची चूक कळली तरीही. गोलनंतर किक-ऑफ झाला तिथेच तो गोल मैदानावर पक्का झाला. पुढे काय हे स्पर्धेच्या नियमावलीत बघावं लागेल. "स्पर्श झाला की नाही" अशा घडलेल्या गोष्टीबद्दल रेफरीचा शब्द अंतिम असतो, तिथे तक्रार टिकत नाही. "बॅकपासला पेनल्टी" ही मात्र घटना कशी दिसली याची बाब नाही, नियम चुकीचा लावल्याची आहे. काही स्पर्धांत अशा बाबतीत ठरावीक वेळेत लेखी हरकत घेता येते, काहींत अजिबात नाही. वेळ गेली असेल तर निकाल बदलायचा हट्ट सोडा. पण संयोजकांना एक साधं पत्र जरूर द्या, रेफरींचं नाव न घेता, पुढच्या स्पर्धेआधी रेफरी आणि संघांच्या शिक्षकांची तासाभराची एकत्र बैठक घ्यावी म्हणून. आपल्याकडे रेफरी बहुतेकदा दुसऱ्या शाळेतले शिक्षकच असतात, उन्हात दिवसाला चार-चार सामने घेतात. त्यांना दोष देण्यापेक्षा पुस्तक हातात देणं जास्त उपयोगी पडतं, हा माझा अनुभव आहे.

मैदानावर मात्र तुमच्या कॅप्टनला एक काम करता येतं. पेनल्टीची खूण झाली की किक घेण्याआधी तिने एकटीने, हात मागे बांधून, रेफरींना विचारावं: "सर, बॅकपास होता ना? मग इनडायरेक्ट ना?" गोलनंतर किक-ऑफआधी: "सर, फ्री किक आमची होती, कोणाला लागला का?" एवढंच. सगळा संघ रेफरींभोवती गोळा झाला तर ते ऐकणार नाहीत, आणि मीही ऐकत नाही. पण नीट विचारलेल्या अशा एका प्रश्नाने मी स्वतः दोनदा माझा निर्णय खेळ सुरू होण्याआधी बदलला आहे.

तुमच्या कीपरला विचारून दोन गोष्टी कळवा: बॅकपास उचलण्याआधी तिने तो मारायचा प्रयत्न केला होता का, आणि दुसऱ्या गोलच्या वेळी चेंडू तिला लागला होता का. ती जे सांगेल त्यावरून मी नेमका निर्णय लिहून पाठवतो, पत्राला जोडता येईल.